अमळनेरच्या उन्हात घटपर्णी : घरातील वाढपेटीच्या नोंदी

४ फेब्रुवारी : जागा आणि रोपे

घटपर्णी, म्हणजे पानांच्या टोकांशी येणाऱ्या घटांत किडे पकडून पचवणारी वनस्पती, घरात वाढवण्यासाठी करायची पेटी तळमजल्यावरील उत्तरेकडच्या खोलीत ठेवण्याचे निश्चित केले. मे महिन्यात अमळनेरात बाहेर ४३–४४ अंश असताना वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, पंख्याची हवाही अंगाला चटके देते. उत्तरेकडच्या या खोलीत मात्र पारा ३८ च्या आसपास थांबतो. गच्चीवर शेडनेट उभारून त्याखाली पेटी ठेवण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता. खान्देशात केळीची टिशू कल्चर रोपे शेडनेटखाली कणखर केली जातात, त्यामुळे हा सल्ला येथे सहज सुचतो. केळीला जे सोसते ते घटपर्णीला सोसेलच असे नाही, म्हणून तो स्वीकारला नाही.

रोपे निवडताना उंच डोंगरावरील जाती पहिल्या फेरीतच वगळल्या. बोर्निओतील किनाबालू पर्वतावर १,५०० ते २,६५० मीटर उंचीवर वाढणाऱ्या नेपेंथेस राजासारख्या जातीला रोज रात्री जी थंडी लागते, ती येथे वातानुकूलन यंत्राशिवाय देता येणार नाही आणि ते वीजबिल मला परवडणारे नाही. भारतात निसर्गतः आढळणारी एकमेव घटपर्णी म्हणजे मेघालयातील नेपेंथेस खासियाना. ती संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खालीही संरक्षित आहे. परवान्याशिवाय तिची लागवड किंवा विक्री करता येत नाही. कोणी ‘घरगुती रोप आहे’ असे सांगून ती देऊ केली तरी घेऊ नये.

शेवटी चार रोपे ठरवली. व्हेंट्राटा हा फिलिपिन्समधील जातींचा सोशिक संकर. मिराबिलिस, जी दक्षिण चीनपासून ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडपर्यंत पसरलेली आहे. अँप्युलारिया, जिचे बुटके घट जमिनीलगत गर्दीने येतात आणि वरून गळणाऱ्या पालापाचोळ्यावरही पोसतात. आणि क्वीन्सलँडच्याच वर्षावनातील ड्रॉसेरा ॲडेली, ही घटपर्णी नसून पानांवरील चिकट थेंबांनी किडे पकडणारी ‘दवबिंदू’ वनस्पती. चारही उष्ण, दमट हवेतील आहेत. रोपांना एकूण ४,६०० रुपये लागले. ती तूर्त विक्रेत्याकडेच ठेवली आहेत.

१८ फेब्रुवारी : पेटीच्या आधी पाणी

या वनस्पती क्षार नसलेल्या, निकस जागी वाढतात आणि त्यांच्या मुळांना खनिजे सोसत नाहीत. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ५० च्या आत असावा, १०० च्या वर तर जाऊच नये. टीडीएस मीटर ३५० रुपयांना मिळतो आणि या संपूर्ण कामात सर्वांत आधी तोच घ्यावा. आमच्या बोअरचा आकडा १,१४० आला, नगरपालिकेच्या नळाचा ३१०, आणि ज्या आरओच्या पाण्यावर सर्व भिस्त ठेवली होती त्याचा ८५.

आरओचे पाणी ८५ का, याचा शोध घेण्यात बराच वेळ गेला. पडदा खराब झाला असावा असे समजून तो बदलण्यासाठी कारागिराला बोलावले. त्याने झाकण उघडून आतील एक लहानसा स्क्रू दाखवला. पाण्याला चव यावी म्हणून घरगुती यंत्रात थोडे कच्चे पाणी शुद्ध पाण्यात मिसळण्याची सोय असते, आणि ते प्रमाण या स्क्रूने कमीजास्त करतात. त्याशिवाय शेवटच्या टप्प्यात खनिजे मिसळणारी एक नळकांडीही बसवलेली असते. स्क्रू पूर्ण बंद करून त्या नळकांडीच्या आधी एक टी जोडली आणि रोपांसाठी वेगळी तोटी काढली. तेथील आकडा २२ आला. पडदा उत्तम होता. स्क्रू बंद झाल्याने पिण्याचे पाणी बेचव लागते अशी घरातून तक्रार आली, म्हणून आता तो एरवी पूर्वीच्याच खुणेवर असतो आणि रोपांचे पाणी भरण्यापुरता बंद केला जातो. खूण करण्यासाठी नेलपॉलिशचा एक ठिपका पुरतो.

कुंडीत मातीऐवजी भरायच्या माध्यमाचीही अशीच परीक्षा घेतली. स्थानिक रोपवाटिकेतील कोकोपीटची वीट आरओच्या पाण्यात रात्रभर भिजवून पिळली, तर पिळलेल्या पाण्याचा टीडीएस ६०० च्या वर गेला. नारळाचा काथ्या बहुधा किनाऱ्यावरच्या मचूळ पाण्यात कुजवलेला असतो, त्यामुळे ते मीठ विटेत उरते. वारंवार धुऊनही आकडा ८० च्या खाली आला नाही आणि त्यात आरओचे इतके पाणी खर्ची पडले की कोकोपीटचा स्वस्तपणा संपला. शेवटी स्फॅग्नम मॉस (सुकवलेले शेवाळ) आणि परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) समप्रमाणात घेतले. मॉस महाग आहे, पण एकदाच घ्यावे लागते.

९ मार्च : सांगाडा

बाहेरील माप ४ फूट रुंद, २ फूट खोल, ५ फूट उंच. सांगाडा ॲल्युमिनियम सेक्शनचा. मागची बाजू, दोन्ही कडा आणि तळ यांना आतून ८ मिलिमीटरची पांढरी पीव्हीसी फोम शीट आणि बाहेरून ५० मिलिमीटर थर्माकोल लावले. दर्शनी भागाला ५ मिलिमीटर काचेची सरकती दारे बसवली. प्लायवुड स्वस्त पडले असते, पण सतत ८० टक्के आर्द्रतेत ते फुगते, मग त्याला रंग कोणताही द्या. फॅब्रिकेटरने काच, मजुरी धरून ११,४०० रुपये घेतले. काम करताना तो सारखा विचारत होता, “हाई झाड खरंच माशी खास का भो?” (हे झाड खरेच माशी खाते का?) त्याच्या मते एवढ्या पैशांत मच्छरदाणी स्वस्त पडली असती.

दोन बाबी येथे नमूद करतो. सरकत्या दारांच्या मधल्या फटीतून हवा गळत होती. खिडक्यांच्या सेक्शनमध्ये बसवतात ती लोकरी पट्टी दोन्ही खाचांत सरकवल्यावर गळती थांबली. दुसरी बाब सांधे भरण्याच्या सिलिकॉनची. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरले असेल, तर तो वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवावी आणि मगच रोपे आत न्यावीत.

तळाला किंचित उतार देऊन एका कोपऱ्यात निचऱ्याची नळी काढली आहे. कुंड्या प्लास्टिकच्या जाळीवर, तळापासून चार बोटे वर राहतात.

२४ मार्च : प्रकाश

४ फुटी, २० वॉटच्या चार एलईडी बॅटन पेटीच्या आत छताला लावल्या होत्या. दोन अडचणी लगेच दिसल्या. बॅटनच्या टोकांशी दव जमू लागले, आणि ८० वॉटची सगळी उष्णता आतच राहू लागली. छताची शीट काढून तेथे ५ मिलिमीटर काच बसवली आणि बॅटन त्या काचेच्या वर, मध्ये चार इंच मोकळी जागा सोडून, टांगल्या. प्रकाश थोडा कमी झाला, पण पांढऱ्या भिंतींमुळे तो खालपर्यंत पोहोचतो. पेटीकडे जाणाऱ्या संपूर्ण वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. पाणी आणि वीज एकाच पेटीत असताना येथे काटकसर करू नये.

रोपे आजपासून आत आहेत.

१४ एप्रिल : पेल्टियर

थंडाव्यासाठी पेल्टियर पट्ट्यांची (वीज सोडताच एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणाऱ्या पट्ट्यांची) जोडी, हीटसिंक, पंखे आणि १२ व्होल्टचा पुरवठा असा ३,२०० रुपयांचा संच मागवला होता. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, आवाज कमी. कागदावर हा उपाय अत्यंत सुबक दिसतो. खोली ३७ अंशांवर असताना संच दिवसभर चालवला. पेटीतील तापमान संच बंद असतानाच्या तुलनेत दोन-अडीच अंशांनी उतरले आणि तेथेच अडकले. पट्ट्या १२० वॉट वीज खात होत्या आणि तेवढीच उष्णता, शिवाय पेटीतून काढलेली, त्याच खोलीत ओतत होत्या.

संध्याकाळी हिशेब मांडला, तो खरे तर खरेदीपूर्वी मांडायला हवा होता. पेटीच्या दर्शनी व छताच्या काचेतून आत-बाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशामागे साधारण १५ वॉट उष्णता आत येते, तर थर्माकोल लावलेल्या सर्व बाजू मिळून जेमतेम ३ वॉट. म्हणजे गळतीचे सहापैकी पाच भाग एकट्या काचेचे. खोलीपेक्षा १० अंश थंड राहायचे तर सुमारे १८० वॉट उष्णता सतत बाहेर काढावी लागेल, आणि या परिस्थितीत दोन पट्ट्या मिळून ४० वॉटही काढत नाहीत. आणखी पट्ट्या वाढवणे म्हणजे खोलीच तापवणे होय. संच उतरवला.

२८ एप्रिल : काचेची गळती

दर्शनी काचेवर, २० मिलिमीटर अंतर सोडून, ६ मिलिमीटरची दुहेरी भिंतीची पॉलिकार्बोनेट शीट बसवली. ती बिजागरीवर उघडते. १,५०० रुपये. या शीटमधून रोपे अंधूक दिसतात, त्यामुळे पेटीची शोभा गेली असे घरच्यांचे मत आहे. परंतु दुपारी काचेला आतून हात लावल्यास पूर्वी जी ऊब जाणवे ती आता जाणवत नाही, आणि उन्हाळ्याच्या तीन महिन्यांपुरती शोभा गेली तरी चालेल. छताच्या काचेवर दिवे बंद असताना थर्माकोलचे झाकण ठेवतो.

दिव्यांची वेळही उलटी केली. संध्याकाळी ७ ते सकाळी ७ प्रकाश, आणि दिवसा अंधार. दुपारच्या उष्म्यात दिव्यांची भर पडत नाही, आणि दुपारी वीज गेली तरी रोपांचा ‘दिवस’ बुडत नाही. यात दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक जवळजवळ नाहीसा होतो, हे मान्य करावे लागेल. सखल भागातील जातींना ते चालते. व्हेंट्राटाला रात्रीचा थंडावा अधिक आवडतो, पण तिने अजून तक्रार केलेली नाही.

१० मे : कूलर

आखाजीमुळे (अक्षय्य तृतीयेमुळे) फॅब्रिकेटर गावी गेला आहे, बाजार निम्मा बंद आहे, आणि झोक्यावर बसायला आलेल्या माहेरवाशिणींनी घर भरलेले आहे. तरीही काम पुढे सरकले, कारण लागणारे सर्व सामान घरातील जुन्या कूलरमध्ये आणि शेतीच्या दुकानात मिळाले.

खान्देशातील उन्हाळा जितका उष्ण तितकाच कोरडा असतो, आणि हाच कोरडेपणा कामाला लावायचा आहे. खोलीत ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून पंख्यासमोर धरले, तर पारा २१–२२ वर येतो. पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त इतकी थंड होऊ शकते. चांगला पॅड या मर्यादेच्या बराच जवळ पोहोचतो, आणि त्यातून येणारी हवा थंडीबरोबर आर्द्रताही घेऊन येते. घटपर्णीला दोन्ही हवे आहे. यासाठी फॉगर (पाण्याचे बारीक धुके सोडणारे यंत्र) घेण्याचा बेत होता, तो रद्द केला.

रचना अशी आहे. दीड फूट बाय एक फूट मापाचा, ४ इंच जाडीचा हनीकोंब पॅड एका प्लास्टिकच्या डब्यात उभा बसवला. त्यावर ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीला बारीक छिद्रे पाडून ती आडवी ठेवली. डब्याच्या तळातील पाणी कूलरचा १८ वॉटचा पंप वर चढवतो. पॅडमागून ६ इंची पंखा हवा ओढतो आणि ४ इंची पीव्हीसी पाइपातून ती पेटीच्या खालच्या भागात सोडतो. वरच्या विरुद्ध कोपऱ्यातून हवा बाहेर पडते. पंप घरचाच, म्हणून पॅड, पंखा, पाइप मिळून २,१०० रुपये.

पहिल्या दुपारी पेटी २७ अंशांवर आली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा ३१ वर गेली. पंखा चालू, पॅड ओला, पाणी भरपूर; तरीही थंडावा उतरत गेला. कारण खोलीतील आर्द्रतामापकाने दाखवले : सकाळी २० टक्के असलेली आर्द्रता ४८ वर पोहोचली होती. पेटीतून बाहेर पडणारी दमट हवा त्याच बंद खोलीत साचत होती आणि पॅड तीच हवा पुन्हा ओढत होता. बाहेर पडणारी हवा पाइपाने खिडकीबाहेर नेली आणि दाराखालून कोरडी हवा आत येण्यास वाट ठेवली. त्यानंतर भर दुपारी पेटी २७ ते २८ अंश आणि ७५ ते ८० टक्के आर्द्रता यांवर स्थिर आहे. कूलर लावून खोलीची खिडकी उघडी ठेवावी हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

१९ मे : पानांवरील पांढरे ठिपके

ॲडेलीच्या पानांवर आणि व्हेंट्राटाच्या घटांच्या झाकणांवर खडूसारखे ठिपके दिसू लागले. बुरशी असावी अशी शंका होती; बोट ओले करून चोळल्यावर ठिपका विरघळला आणि जिभेला खारट लागला. पंख्याच्या वेगामुळे पॅडवरील पाण्याचे थेंब हवेबरोबर उडून आत येत होते. पंख्याला रेग्युलेटर लावून वेग निम्मा केला, आणि पाइपाच्या तोंडाशी एक उभा कोपर जोडला, जेणेकरून थेंब वळणावर आदळून खाली पडतील. पाने आरओच्या पाण्याने धुतली. ठिपके पुन्हा आले नाहीत.

पाण्याविषयी थोडे अधिक. कडक उन्हाच्या दिवशी पॅडवरून सुमारे १२ लिटर पाणी उडून जाते. बोअरचे पाणी वापरले तर त्यातील क्षार मागेच राहतात, आणि १,१४० टीडीएसच्या हिशेबाने ते दिवसाला जवळपास १४ ग्रॅम भरतात. आरओचे वाया जाणारे पाणी कूलरला वापरण्याची कल्पना याच कारणाने सोडली. ते बोअरपेक्षाही जड असते, ते फरशी पुसायला जाते. डब्यात नगरपालिकेचे पाणी भरतो आणि दर तिसऱ्या दिवशी डबा पूर्ण रिकामा करतो.

२६ मे : वीज

काल दुपारी फीडर बंद पडला आणि वीज चार तास आली नाही. पंखा व पंप मिळून ५० वॉटचे, त्यामुळे ते घरच्या इन्व्हर्टरवर जोडता आले असते, जोडलेले नव्हते. पेटीवर ओले गोणपाट टाकले, तरी आतील तापमान ३६ पर्यंत चढले. अँप्युलारियाचे उमलू घातलेले सर्वांत कोवळे पान कडेने तपकिरी झाले आणि ॲडेलीच्या पानांवरील चिकट थेंब सुकले. व्हेंट्राटाला काहीही झाले नाही. आज दोन्ही उपकरणे इन्व्हर्टरवर घेतली. दिवे मुद्दाम घेतले नाहीत.

३० जून : पावसाळी रचना

पहिल्या दमदार पावसानंतर बाहेरची आर्द्रता ८० च्या वर गेली आणि कूलर निरुपयोगी झाला, तसा तो घराघरांतून होतोच. पंप बंद केला. आता खोलीच ३० अंशांवर असते, त्यामुळे थंडाव्याची गरज उरलेली नाही. दिवे पुन्हा सकाळी ६ ते संध्याकाळी ६ केले. पॉलिकार्बोनेट शीट उघडी ठेवली आहे.

गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवण्यास सुरुवात केली. पहिल्या सरींत धूळ आणि पक्ष्यांची घाण येते, ती वाहू द्यावी. त्यानंतरच्या पाण्याचा टीडीएस १४ आला, म्हणजे आरओपेक्षाही उत्तम, आणि फुकट. झाकणाच्या टाकीत, उन्हापासून दूर, ते टिकते.

२१ जुलै : बुरशी आणि मिलीबग

हवा कोंडल्यामुळे मॉसवर करड्या बुरशीची लव आली. पेटीत १२ सेंटिमीटरचा संगणकाचा पंखा अहोरात्र चालू ठेवला, कुजलेले घट कात्रीने कापले, आणि पाणी देण्याची वेळ संध्याकाळऐवजी सकाळची केली. एवढ्याने बुरशी आटोक्यात आली.

मिलीबग मात्र चिवट निघाला. खिडकीतील जास्वंदीवरून तो मिराबिलिसवर आला आणि पानांच्या बेचक्यांत कापसासारखा बसला. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागात त्याची ओळख करून द्यायला नको. कडुनिंबाचे तेल फवारावे असे सुचते, पण ते घटांत उतरून आतला पाचक द्रव बिघडवते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने प्रत्येक कीड टिपून काढली, आणि काही दिवसांच्या अंतराने तेच पुन्हा केले, कारण अंड्यांतून पिले निघतच राहतात. जास्वंद अंगणात हलवली.

१५ सप्टेंबर

मिराबिलिसला नवे घट आले आहेत. अँप्युलारियाने बुंध्याशी तीन लहान घट काढले. कुंडीत खत घातलेले नाही आणि घालायचेही नाही. पेटीत किडे फारसे येत नाहीत, म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या सुकवलेल्या ब्लडवर्मची चिमूट पाण्यात भिजवून महिन्यातून एकदा काही घटांत सोडतो. अधिक घातल्यास घट सडतो आणि वास येतो.

२० ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या उकाड्यात आर्द्रता ४० च्या आसपास उतरली आणि कूलर पुन्हा चालू केला. पॅडवर साचलेला क्षाराचा थर आधी सौम्य सायट्रिक ॲसिडने धुवावा लागला. पेटी २८ वर आहे.

२२ डिसेंबर : उलटे संकट

गेल्या आठवड्यात बाहेर पहाटे ९ अंश होते आणि या खोलीत १६. अँप्युलारियाची वाढ थांबली आणि तिच्या एका घटाचे तोंड सुकले. मेमध्ये जी खोली थंड म्हणून निवडली, तीच डिसेंबरात घरातील सर्वांत गार खोली आहे.

पेटीच्या तळाशी पाण्याने भरलेल्या बादलीत मत्स्यालयाचा १०० वॉटचा हीटर सोडला आहे. तो हवा थेट तापवत नाही. पाणी तापते, त्याची वाफ वर येते आणि ऊब व आर्द्रता दोन्ही मिळतात. पॉलिकार्बोनेट शीट पुन्हा बंद केल्यावर पहाटेही आतील तापमान २२ च्या खाली जात नाही. बादलीतील पाणी वाफेने घटत जाते आणि हीटर उघडा पडला तर त्याची काच तडकते, म्हणून कूलरच्या जुन्या फ्लोटला एक स्विच जोडून पाणी कमी होताच वीज तुटेल अशी व्यवस्था केली. हीटर चालू-बंद करणाऱ्या तापमान नियंत्रकाचा रिले, म्हणजे आतला स्विच, चालू स्थितीत चिकटून बसण्याची शक्यता असते. त्यासाठी ३२ अंशांवर बंद होणारा दुसरा नियंत्रक त्याच ओळीत, वेगळ्या प्रोबसह, लावला आहे. दोन नियंत्रक आणि हीटर मिळून १,७५० रुपये लागले.